2.65 हा आकडा कोणत्या मातीचा? मातीच्या कण घनतेच्या मोजणीचा आढावा

मातीच्या भौतिक गुणधर्मांवरचा प्रबंध उघडा, मातीच्या भरावाचा अहवाल चाळा, किंवा पाण्याच्या पाळ्या बसवणारं एखादं गणिती कोष्टक बघा. कण घनतेच्या रकान्यात बहुतेक वेळा 2.65 हाच आकडा दिसतो. तो मोजलेला आहे की धरलेला, हे बऱ्याचदा लिहिलेलंही नसतं. अकोल्याची काळी, दापोलीची जांभी आणि गडचिरोलीची रेताड माती, या तिन्हींचे कण एकाच घनतेचे असतील असं प्रयोगशाळेत हात घातलेला कोणीही म्हणणार नाही. तरी हिशोबात ते खपून जातं, कारण मोजणीला वेळ लागतो आणि आकडा आयता आहे. कण घनता कशी मोजतात, चुका कुठे शिरतात, कोणत्या मातीला कोणती पद्धत मानवते आणि मोजण्याची गरज नेमकी कधी पडते, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो: महाराष्ट्र आणि गोव्याच्या मातींसाठी 2.65 धरून चालण्याची सवय सोडायला हवी, आणि ती सोडायला महागडं यंत्र लागत नाही.

कल्पना तशी साधी आहे. शेतातून काढलेल्या मातीत घन कण असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी किंवा हवा असते. सुक्या मातीच्या वस्तुमानाला पोकळ्यांसकट सगळ्या आकारमानाने भागलं की स्थूल घनता मिळते. नांगरट, ट्रॅक्टरची चाकं आणि पाऊस यांनी ती हंगामागणिक हलते. कण घनतेत पोकळ्या वगळायच्या आणि नुसत्या घन कणांचं आकारमान धरायचं. नांगराने ती बदलत नाही. कण कोणत्या खनिजांचे आहेत आणि त्यांत सेंद्रिय पदार्थ किती आहे, यावर ती ठरते. या दोन घनता हातात असल्या की मातीची सच्छिद्रता काढता येते: स्थूल घनतेला कण घनतेने भागायचं आणि उत्तर एकातून वजा करायचं.

2.65 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ही क्वार्ट्‌झची घनता आहे. ज्या प्रदेशांत माती मुख्यतः क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि केओलिनाइट यांची बनलेली असते, तिथे हा आकडा बरोबर बसतो, कारण फेल्डस्पार साधारण 2.55 ते 2.75 आणि केओलिनाइट 2.6 च्या आसपास असतं. पाठ्यपुस्तकांत खनिज मातींसाठी 2.60 ते 2.75 असा पल्ला दिलेला असतो, तोही याच हिशोबाने. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग किंवा सिंधुदुर्गाचा काही भाग सोडला, तर राज्याचा मोठा हिस्सा दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला आहे, आणि बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच. त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार असतं, 3.2 च्या वरचं ऑजाइट असतं आणि 5.2 घनतेचं मॅग्नेटाइट थोड्या प्रमाणात असतं. हा दगड कुजून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. या खनिजाची घनता त्याच्या थरांत किती पाणी अडकलं आहे, त्यावर हलते. कोकणात जांभ्यात हेमॅटाइट 5.3 चं आणि गोएथाइट 4.3 पर्यंतचं. पण त्याच जांभ्यात गिब्साइट भरलं की घनता उलट खाली येते, कारण गिब्साइट जेमतेम 2.4 चं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या पठारांवर हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणून 'जांभी माती म्हणजे जड कण' हे सरसकट विधानही मी करणार नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत इल्मेनाइट असतं, त्याची घनता 4.7.

मिश्रणाची घनता काढताना विद्यार्थी एक चूक नेहमी करतात. घनतांची सरळ टक्केवारीने सरासरी काढतात. बेरीज आकारमानांची करायची असते, म्हणून प्रत्येक घटकाच्या वस्तुमानाला त्याच्या घनतेने भागायचं, भागाकारांची बेरीज करायची आणि मग ती उलटायची. 80 टक्के केओलिनाइट (2.60) आणि 20 टक्के हेमॅटाइट (5.26) यांची सरळ सरासरी 3.13 येते, खरं उत्तर 2.89 आहे. सेंद्रिय पदार्थाच्या बाबतीत हाच हिशोब जास्त बोचरा ठरतो, कारण तो हलका असल्याने वजनाने थोडा असूनही जागा बरीच अडवतो. खनिज भाग 2.70 चा आणि त्यात फक्त 3 टक्के सेंद्रिय पदार्थ 1.3 घनतेचा असेल, तर मातीची कण घनता 2.62 पर्यंत उतरते. म्हणजे एकाच शेताचा वरचा थर आणि चार फुटांखालचा थर यांचे आकडेही सारखे नसतात.

आता मुख्य प्रश्न: 2.65 ऐवजी 2.80 असली तर बिघडतं काय? सच्छिद्रतेत फार नाही, असं उत्तर मिळतं, आणि ते अर्धवट खरं आहे. स्थूल घनता 1.45 असलेली भारी काळी माती घ्या. कण घनता 2.65 धरली तर सच्छिद्रता 45.3 टक्के येते, 2.80 धरली तर 48.2 टक्के. तीन टक्क्यांचा फरक. पण मुळांना लागते हवा, आणि हवेची जागा म्हणजे सच्छिद्रतेतून पाणी वजा करून उरलेला भाग. त्याच मातीत आकारमानाने 42 टक्के पाणी असेल, तर पहिल्या हिशोबाने हवेला 3.3 टक्के जागा उरते, दुसऱ्या हिशोबाने 6.2 टक्के. आकडा जवळजवळ दुप्पट झाला. मुळांच्या श्वसनासाठी हवेची जागा निदान 10 टक्के असावी असा एक सर्वसाधारण निकष वापरतात. त्या निकषावर ही माती किती मागे आहे, निचऱ्यासाठी चर काढायचे की नाही, हा निर्णय ज्या वजाबाकीवर उभा आहे, तिच्यातला एक आकडा आपण मोजलेलाच नसतो. भारी जमिनीत हवा आधीच कमी असते, म्हणून गृहीताची किंमत नेमकी तिथेच सगळ्यांत जास्त मोजावी लागते.

दुसरी जागा म्हणजे कणांच्या आकाराची चाचणी. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण काढताना माती पाण्यात ढवळून ठेवतात आणि कण किती वेगाने तळाशी बसतात ते बघतात. या वेगाचं सूत्र स्टोक्सने 1851 मध्ये दिलं, आणि त्यात कण आणि पाणी यांच्या घनतांमधला फरक थेट गुणाकारात येतो. 20 अंश सेल्सिअसला 2 मायक्रॉनचा, 2.65 घनतेचा कण 10 सेंटिमीटर खाली जायला सुमारे 7 तास 44 मिनिटं घेतो. कण 2.90 चा असेल तर तेच अंतर तो सुमारे 6 तास 43 मिनिटांत कापतो. पिपेट पहिल्या वेळेनुसार बुडवलं, तर तोवर 1.86 मायक्रॉनपर्यंतचे कणसुद्धा खाली गेलेले असतात आणि चिकणमाती खऱ्यापेक्षा कमी भरते. हायड्रोमीटर वापरणाऱ्यांसाठी सोय आहे. '152एच' जातीचा हायड्रोमीटर 2.65 घनतेच्या कणांसाठी अंकित केलेला असतो आणि दुसऱ्या घनतेसाठी वाचनाला गुणायचा दुरुस्तीचा अंक ठरलेला आहे. 2.80 साठी तो 0.97 आहे. पण दुरुस्ती करायची तर घनता माहीत हवी.

स्थापत्य अभियंत्यांकडे हीच राशी विशिष्ट गुरुत्व म्हणून ओळखली जाते, आणि तिथे चुकीचा आकडा लपून राहत नाही. प्रॉक्टर चाचणीत भरावाच्या मातीची सुकी घनता आणि ओल यांचा आलेख काढतात. त्याच आलेखावर एक सीमारेषा असते: पोकळ्यांतली सगळी हवा निघून गेली तर माती जास्तीत जास्त किती दाट होईल ती. 20 टक्के ओलीला 2.65 च्या हिशोबाने ही सीमा 1.73 येते. प्रयोगात सुकी घनता 1.75 भरली, तर बिंदू सीमेच्या पलीकडे पडतो, जे भौतिकदृष्ट्या अशक्य आहे. अशा वेळी लोक प्रॉक्टरचा साचा पुन्हा भरतात, वजनकाटा तपासतात. कण घनता 2.80 असेल तर सीमा 1.79 च्या वर सरकते आणि अशक्य वाटणारा बिंदू बिनतक्रार आत येतो. धरणाच्या पायाखालून पाण्याच्या दाबाने माती उचलली जाण्याचा धोका मोजतानाही हीच राशी लागते, मात्र तिथे तिचा परिणाम तुलनेने लहान आहे.

मोजणीचं तत्त्व फार जुनं आहे. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढं पाणी दूर सारते. अकराव्या शतकात अल-बिरूनीने बाजूला तोटी असलेल्या शंकूच्या आकाराच्या भांड्यातून सांडणारं पाणी तोलून धातूंची आणि रत्नांची विशिष्ट गुरुत्वं काढली होती. मातीसाठी आज सर्वांत जास्त वापरली जाणारी घनता बाटली त्याच तत्त्वावर चालते. भारतीय मानक आय.एस. 2720, भाग 3 मध्ये बारीक कणांच्या मातीसाठी सुमारे 50 मिलिलिटरची बाटली सांगितली आहे. तिच्या काचेच्या बुचातून केसासारखं बारीक छिद्र आरपार गेलेलं असतं, आणि सगळी अचूकता त्या छिद्रावर टिकून असते.

चार वजनं घ्यायची: रिकामी बाटली, बाटली आणि सुकी माती, बाटली, माती आणि काठोकाठ पाणी, बाटली आणि नुसतं पाणी. उदाहरण घेऊ. रिकामी बाटली 28.412 ग्रॅम, माती घालून 38.412 ग्रॅम, म्हणजे माती बरोबर 10 ग्रॅम. नुसत्या पाण्याने भरलेली बाटली 78.239 ग्रॅम, माती आणि पाण्याची 84.654 ग्रॅम. मातीने दूर सारलेलं पाणी 78.239 अधिक 10 वजा 84.654, म्हणजे 3.585 ग्रॅम. 10 ला 3.585 ने भागलं की 2.789 हे विशिष्ट गुरुत्व मिळतं. ही घनता अजून नाही. 27 अंशांना एक घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान 0.9965 ग्रॅम असतं, त्याने गुणलं की कण घनता 2.78 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. शेवटचा गुणाकार अनेक प्रात्यक्षिक वह्यांत राहून जातो आणि उत्तर 0.01 ने फुगतं. भारतीय मानकात 27 अंश हे तापमान धरलेलं आहे, युरोप-अमेरिकेच्या कागदांत बहुधा 20. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हेही बघावं.

हिशोब पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. अवघड आहे ती शिस्त. सगळं उत्तर साडेतीन-पावणेचार ग्रॅम पाण्यावर उभं असल्यामुळे कुठलीही लहान चूक तिथे मोठी होऊन दिसते. तीन शत्रू आहेत: ओल, हवा आणि तापमान. माझ्या मते त्यांचा क्रमही हाच.

ओल सर्वांत घातक, कारण ती दिसत नाही. हवेत वाळवलेली काळी माती हाताला कोरडी ठणठणीत लागते, पण तिच्यात 8 टक्के ओल सहज असू शकते. अशी 10 ग्रॅम माती कोरडी समजून बाटलीत टाकली, तर प्रत्यक्षात माती 9.26 ग्रॅम आणि पाणी 0.74 ग्रॅम असतं. कणांची खरी घनता 2.65 असेल तर उत्तर 2.36 येईल. एवढी मोठी चूक पुढच्या कुठल्याही टप्प्यावर होत नाही. म्हणून 105 ते 110 अंशांना ओव्हनमध्ये वस्तुमान स्थिर होईपर्यंत वाळवायचं, आणि बाहेर काढल्यावर डेसिकेटरमध्येच गार होऊ द्यायचं. पावसाळ्यात कोकणातल्या प्रयोगशाळेत उघड्या टेबलावर गार व्हायला ठेवलेली स्मेक्टाइटची माती काट्यावर वजन वाढताना दिसते. डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळं आहे की गुलाबी पडलं आहे, हे बघायला पाच सेकंद लागतात. ते बघितलं जात नाही. दुसरा उपाय म्हणजे हवेत वाळलेली माती वापरायची, पण त्याच वेळी वेगळ्या डबीत तिची ओल काढून हिशोबात वजा करायची. ओव्हनमध्ये तापल्याने ज्यांचा स्वभाव बदलतो, त्या मातींसाठी हा रस्ता जास्त बरा. जिप्समसारखी खनिजं 105 अंशांना आपल्या स्फटिकातलं पाणीच सोडू लागतात आणि मग आपण मोजतो ते वेगळंच खनिज.

हवेचं काम चिकाटीचं आहे. कणांना चिकटलेली, ढेकळांच्या पोटात अडकलेली हवा बाहेर काढायची असते, कारण तिची जागा कणांच्या खात्यावर जमा होते. 10 ग्रॅम मातीत हवेचा फक्त 0.1 मिलिलिटर शिल्लक राहिला तरी 2.65 चं 2.58 होतं. बाटली अर्धी भरेल इतकंच पाणी घालायचं, तेही आधी उकळून गार केलेलं ऊर्ध्वपातित पाणी. मग एक तर मंद आचेवर उकळायचं किंवा व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवून पंप लावायचा. उकळताना काळी माती दुधासारखी उतू जाते आणि फेसाबरोबर बारीक कण बाहेर पडले की ते वस्तुमान कायमचं गेलं. प्रयोग टाकून द्यावा लागतो. म्हणून चिकणमातीला मी व्हॅक्यूमच सुचवेन, तेही दाब हळूहळू उतरवत. एकदम पंप सोडला तर हवा उसळी मारून माती बुचापर्यंत उडवते. मधूनमधून बाटली हलक्या हाताने हलवायची आणि पुन्हा पंप लावायचा. बुडबुडे येणं थांबलं की हवा संपली, असं पुस्तकात असतं. पण 27 अंशांना दाब पाऱ्याच्या 27 मिलिमीटरच्या आसपास उतरला की पाणी स्वतःच उकळू लागतं. तेव्हा दिसणारे बुडबुडे वाफेचे असतात. ते थांबायची वाट बघणारा दिवसभर बसून राहील.

तापमानाची गोष्ट बुचाच्या छिद्रापाशी दिसते. बाटली काठोकाठ भरून बूच सरळ खाली सोडलं की जादा पाणी छिद्रातून वर येतं, ते टीपकागदाने टिपायचं. छिद्राच्या तोंडाशी पाणी अगदी समपातळीत हवं. बाटली मुठीत धरून पुसली तर हाताच्या उबेने पाणी फुगतं आणि छिद्रावर पुन्हा थेंब येतो. तो टिपला की वजन घटलं. नुसत्या पाण्याचं वजन 27 अंशांना आणि मातीसह पाण्याचं 28 अंशांना घेतलं, तर एका अंशाच्या फरकाने कण घनता सुमारे 0.01 ने चुकते. दोन्ही वजनांआधी बाटली एकाच वॉटर बाथमध्ये पुरेसा वेळ ठेवायची आणि मानेला धरून उचलायची, इतकाच उपाय आहे. आय.एस. 2720 प्रमाणे दोन बाटल्यांच्या उत्तरांत 0.03 पेक्षा जास्त फरक पडला तर चाचणी पुन्हा करायची असते. ही अट मोठी मोलाची आहे, आणि एकाच बाटलीवर भागवणारे तिला पहिल्यांदा हरताळ फासतात.

पाणी हा द्रव सगळ्या मातींना चालत नाही. कोकणातल्या खार जमिनी आणि गोव्यातली खाजनं यांच्या मातीत मीठ असतं. ते बाटलीतल्या पाण्यात विरघळतं, आणि विरघळलेलं मीठ स्फटिकातल्यापेक्षा कमी जागा घेतं. त्यामुळे कणांचं आकारमान खऱ्यापेक्षा लहान दिसतं आणि घनता चढते. मानकात अशा मातीसाठी केरोसीन किंवा व्हाइट स्पिरिट वापरायला सांगितलं आहे. परदेशी मार्गदर्शकांत टोल्युइनसारखे द्रव सांगितलेले आढळतात, पण ते विषारी आहेत आणि हवा खेळती नसलेल्या खोलीत विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नयेत. केरोसीन घेतलं तर त्याची घनता त्याच बाटलीने, त्याच तापमानाला, त्याच दिवशी काढायची. डब्यागणिक ती बदलते. शिवाय तापमानाने केरोसीन पाण्यापेक्षा जास्त फुगतं, म्हणून वॉटर बाथची शिस्त इथे आणखी कडक हवी.

स्मेक्टाइटचा पेच याहून खोल आहे. पाण्यात मोजलेली फुगणाऱ्या चिकणमातीची घनता केरोसीनसारख्या द्रवात मोजलेल्या घनतेपेक्षा जरा जास्त येते, हे जुनं निरीक्षण आहे. 1986 च्या अमेरिकन मोजणी-ग्रंथात ब्लेक आणि हार्टगे यांनी त्याची चर्चा केली आहे. एक स्पष्टीकरण असं की कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा दाट होतं. दुसरं असं की पाणी खनिजाच्या थरांमध्ये शिरतं आणि केरोसीन शिरत नाही, म्हणून केरोसीनच्या दृष्टीने ती जागा घन कणाचीच राहते. मला दुसरं जास्त पटतं. पण कोणतंही मानलं तरी एक गोष्ट उरते: भारी काळ्या मातीची कण घनता हा द्रवासकट सांगायचा आकडा आहे. मुळांना मिळणारी हवा काढायची असेल तर पाण्यातली मोजणी घ्यावी, कारण शेतातही त्या थरांत पाणीच शिरणार आहे.

वायूचा पिक्नोमीटर हे सगळे प्रश्न सोडवतो असा समज आहे. माती एका बंद कुपीत ठेवतात, तिच्यात ठरावीक दाबाने हेलियम भरतात आणि मग झडप उघडून तो माहीत आकारमानाच्या दुसऱ्या कुपीत पसरू देतात. दाब किती उतरला, यावरून बॉइलच्या नियमाने कणांचं आकारमान कळतं. हेलियमचे अणू लहान आणि अलिप्त, त्यामुळे ते बारीक छिद्रांतही शिरतात. बाटल्या उकळणं नाही, माती सांडणं नाही, काही मिनिटांत वाचन हाती. वाचनांमधला फरकही दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत आटोक्यात राहतो. पण हे यंत्र ओलीला बाटलीपेक्षाही जास्त हळवं आहे. राहिलेल्या ओलीची वाफ दाबात मिसळते आणि आकारमान बिघडवते. कुपी पोलादी गोळ्यांनी नियमित अंकित करावी लागते, नमुन्याने कुपीचा बराच भाग भरलेला असावा लागतो, आणि हेलियम आपल्याला आयात करावा लागतो. वीज आणि तापमान स्थिर असलेल्या, नमुने भरपूर असलेल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेला ते शोभतं. महाविद्यालयाने त्यासाठी निधीची वाट बघत थांबू नये. नीट वाळवलेल्या मातीवर सावकाश केलेली बाटलीची मोजणी, घाईने वाळवलेल्या मातीवरच्या हेलियमच्या मोजणीपेक्षा केव्हाही विश्वासाची.

मुरमाड जमिनीचा प्रश्न आपल्याकडचा खास, आणि त्यावर फारसं लिहिलं जात नाही. बेसॉल्टच्या खड्यांत बंद पोकळ्या असतात. काही रिकाम्या, काही झिओलाइटने भरलेल्या, आणि झिओलाइटची घनता 2.0 ते 2.3 इतकी कमी. 2 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले खडे बाजूला टाकून नुसत्या बारीक मातीची घनता काढली, तर शेतातल्या मातीचा मोठा भाग हिशोबाबाहेर राहतो. खडे तारेच्या टोपलीत ठेवून पाण्यात तोलले, तर बंद पोकळ्या घन भागात धरल्या जातात. खलात कुटून पूड केली तर त्या उघडतात आणि घनता वाढते. यातलं बरोबर कोणतं? मुळं आणि पाणी ज्या पोकळीत पोचत नाही, ती शेतीच्या दृष्टीने दगडच आहे. म्हणून खडे न कुटता वेगळे मोजावेत आणि बारीक मातीशी आकारमानाच्या हिशोबाने जुळवावेत, असं मी म्हणेन. खनिजशास्त्राच्या अभ्यासकाला कुटलेलीच पूड लागेल, आणि त्याने तसं लिहावं.

न मोजता समीकरणाने घनता काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. चिकणमातीचं प्रमाण वाढलं की घनता थोडी चढते, सेंद्रिय पदार्थ वाढला की उतरते, या दोन कलांवर युरोपात गेल्या वीसेक वर्षांत सूत्रं मांडली गेली. डेन्मार्कच्या मातींवरचं शोनिंग आणि सहकाऱ्यांचं 2017 चं काम त्यातलंच. ती सूत्रं त्या मातींची आहेत. लोह आणि टायटॅनियमची खनिजं असलेल्या बेसॉल्टच्या किंवा जांभ्याच्या मातीला ती जशीच्या तशी लावणं म्हणजे 2.65 च्या जागी दुसरं उसनं गृहीत आणणं.

शेतकऱ्याच्या हातात यातलं काहीच येत नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. सगळे रासायनिक. कण घनता प्रत्येक शेतात मोजावी असं मी म्हणत नाही. त्याची गरज नाही, कारण एकाच जातीच्या मातीत ती वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही. एकदा नीट मोजली की पिढीभर वापरता येते, आणि म्हणूनच ती न मोजण्याला सबब उरत नाही.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या क्षेत्रातल्या प्रमुख मृदा श्रेणींची, थरागणिक, कण घनता मोजून कोष्टक प्रसिद्ध करावं, आणि प्रत्येक आकड्याशेजारी द्रव कोणता, तापमान किती, माती कशी वाळवली, खडे धरले की वगळले आणि दोन बाटल्यांत फरक किती पडला, हे लिहावं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या वर्गीकरणाला हे कोष्टक जोडता येईल. त्यासाठी लागणारा ओव्हन, तीन दशांश स्थळांचा काटा, वॉटर बाथ, व्हॅक्यूम पंप आणि 50 मिलिलिटरच्या बाटल्या या विभागांसाठी रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विषय निवडताना याचा विचार करावा आणि मार्गदर्शकांनी त्यांना होकार द्यावा.